मालक कादरमियाँ

भद्रकालीत टांग्यांचे साज शिवणारा कादर तसा वाईट माणूस नव्हता. दारू नाही, जुगार नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दाभण, मेणाचा दोरा आणि घोड्यांच्या घामाने कडक झालेलं कातडं, एवढीच त्याची दुनिया. पण लासलगावचा हनीफ शेट नाशकात राहायला आला आणि या भल्या माणसाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याही हकिमाच्या पुडीने थांबलं नाही.

दुखण्याचं मूळ होतं फुटबॉल क्लबात.

क्लब कसा सुरू झाला ते आधी सांगायला हवं. देवळालीच्या छावणीतल्या खोगिरांचं काम कधीमधी कादरकडे येई. एकदा गोऱ्या सोल्जरांनी फाटला म्हणून टाकून दिलेला चेंडू तो पिशवीत घालून घरी घेऊन आला. त्याला टाके घातले, आत नवी रबरी पिशवी बसवली आणि आपल्या पोराला, अन्सारला दिला. अन्सार तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. गल्लीतली पोरं जमली, शेजारच्या तांबट आळीतला चंदर गोलात उभा राहिला, आणि नदीपलीकडच्या माळावर रोज संध्याकाळी धुरळा उडू लागला.

या क्लबाला ना अध्यक्ष होता ना वर्गणी. नियम एकच, ज्याचा माल त्याचा. चेंडू कादरचा. गोलाचे बाभळीचे दांडे फकिरा सुताराचे. पाणी प्यायचं तांब्याचं घंगाळ चंदरच्या बापाचं. कोणी रुसला की आपली वस्तू उचलून घरी जाई आणि त्याची समजूत काढेपर्यंत क्लब लंगडत चाले. एकदा गोल झाला की नाही यावरून फकिरा असा भडकला की चालू खेळात दांडे उपटून खांद्यावर टाकून चालता झाला, आणि उरलेला सामना दोन टोकांना चपला ठेवून पार पडला. दुसऱ्या दिवशी तोच दांडे घेऊन सगळ्यांच्या आधी हजर! अशा कारभारात मालक कोण, हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. कादरला मात्र उत्तर ठाऊक होतं. दांड्यांवाचून खेळता येतं, घंगाळावाचून येतं, चेंडूवाचून येत नाही. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, हे चेंडू काखेत धरून तोच ठरवी. पोरं त्याच्या पुढेपुढे करत आणि कादरच्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग आला हनीफ शेट. कांद्याचा मोठा व्यापारी. लासलगावहून त्याच्या कांद्याने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी कुठे कुठे जात. मुलांच्या शिक्षणासाठी त्याने नाशकात घर घेतलं, एका संध्याकाळी फिरत फिरत माळावर आला, खेळ बघितला आणि लहान पोरासारखा टाळ्या पिटत बसला. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर तो एक लाकडी पेटी घेऊन हजर झाला. पेटीत नवाकोरा विलायती चेंडू आणि पोरांच्या मापाचे बूट.

"वापरा रे पोरांनो," एवढंच तो म्हणाला.

पोरं बूट घालून फरशीवर टापटाप आवाज करत गल्लीभर मिरवली. कादर म्हणाला, "कातडं पातळ आहे." कोणाचं लक्ष नव्हतं. त्याने तो विलायती चेंडू हातात घेऊन एकेक शिवण तपासली, नख लावून बघितलं. शिवण फार सुरेख होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शेटचा हात सैल होता. पैलवानांना देतात तसा खेळाडूंना त्याने खुराक बांधून दिला, दूध, बदाम आणि वर रोख. मालेगावहून एक विणकर गडी खुराकावर आणला. जिंकले की मेजवानी, हरले की दुःख विसरायला मेजवानी. हिरव्या साटिनचे सदरे शिवले. हा सगळा खर्च कुठून चालला होता? लासलगावच्या कांदाचाळीत साठवलेल्या मालावर. भाव चढेल, मग सगळ्यांचे पैसे चुकते करू, असा हिशेब. म्हणजे बूट उधार, साटिन उधार, बदाम उधार आणि भरवसा त्या कांद्यावर! शेटला हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्या पानातही बिर्याणी असायची.

कादरला त्या बिर्याणीचा घास घशाखाली उतरत नव्हता. आणि घरात तरी सुख? जेवायला बसलं की अन्सार सुरू होई. "शेट म्हणतात, डाव्या पायानेही मारायला शीक." "शेट म्हणतात, मुंबईला सामने बघायला नेतो."

"आणि मी काय म्हणतो ते?" कादरने एकदा ताट सरकवून विचारलं.

अन्सार गोंधळला. "तुम्ही काय म्हणालात, अब्बा?"

काय म्हणाला होता? काहीच नाही. कादरच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचा मुलगा, स्वतःच्या चेंडूवर खेळायला शिकलेला, आणि तोंडात नाव दुसऱ्याचं!

हनीफ शेट भांडला असता तर कादरला बरं वाटलं असतं. पण तो बेटा भांडेल तर शपथ. कादर माळावर आला की उठून स्वतःची खुर्ची पुढे करी. "बसा कादरमियाँ. क्लब तुमचाच. मी आपला पाहुणा." हे तो मनापासून म्हणे, हेच तर जास्त झोंबे.

तेव्हापासून कादरने एक उद्योग सुरू केला. टांगा अड्ड्यावर, न्हाव्याकडे, चहाच्या दुकानात, जिथे चार माणसं दिसतील तिथे तो सांगू लागला, "क्लब माझा. हनीफ पाहुणा. त्याने स्वतः कबूल केलंय." आणि एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण पडलं नसतं. शेटने मेनरोडवरच्या यादवशेटच्या दुकानात बुटांचे ढीगभर नवे जोड सांगितलेत असं कळल्यावर कादर तिथे गेला, बूट उलटेपालटे करून बघितले आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यादवशेट, हे बूट माझ्या क्लबासाठी आहेत. चांगलं कातडं द्या. नंतर मला बोल लागायला नको."

यादवशेट म्हणाला, "म्हणजे क्लब तुमचा?"

"मग काय त्या कांदेवाल्याचा?"

दुकानदार हसला आणि मान डोलावली. दुकानदाराने मान डोलावली की माणसाने सावध व्हावं, पण कादर छाती काढून बाहेर पडला. तो मत्सराने इतका आंधळा झाला होता की दुसऱ्याच्या उधारीवर स्वतःचं नाव चढवून आलोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

भाव चढला नाही. ते दिवसच मंदीचे होते. शेट थांबला, आणखी थांबला, आणि चाळीतल्या कांद्याला कोंब फुटले. मग पाणी सुटलं. मग वास. खुराक बंद झाला, मालेगावचा गडी गाडी पकडून घरी गेला, शेटच्या दारात तगादेवाले बसू लागले. हे कळलं त्या रात्री कादर भाकरीवर भाकरी मागून घेऊन जेवला.

त्याची बायको गुलजारबी त्याच्याकडे बघतच राहिली. "अन्सारचे अब्बा, दुसऱ्याचं घर बसलंय आणि तुम्हाला भूक लागलीय?"

"मी कुठे काय केलं?"

"केलं नाही. पण गावभर 'माझा क्लब, माझा क्लब' करत फिरलात ना? आता तरी सांगा लोकांना, माझा नाही म्हणून. नाहीतर ते तगादेवाले उद्या आपल्या दारात येतील."

बायको म्हणते ते खरं होतं, हे कादरला कळलं. नीट कळलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणू लागले की बिचाऱ्याला समजलंच नाही.

देवळालीच्या सामन्यांत पोरं कशीबशी उपांत्य फेरीपर्यंत पोचली होती. तिथल्या कमिटीचा नियम होता की प्रत्येक संघाचा एक मालक हवा, आणि संघाच्या देण्याघेण्याला तो जबाबदार. कोणाची तक्रार आली तर मालकाने जबाबदारी घेतल्याशिवाय संघ मैदानात उतरणार नाही. सामना सुरू होणार एवढ्यात यादवशेट टांग्यातून उतरला आणि थेट कमिटीच्या टेबलापाशी गेला. पोरांच्या पायांतल्या बुटांकडे बोट दाखवत तो म्हणाला, "याचा पैसा मिळाला नाही."

कमिटीचे सेक्रेटरी म्हातारे पारशी होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "टीमचा मालक कोण? पुढे या."

हनीफ शेट मैदानाच्या कडेला उभा होता. अंगावरचा कोट तोच, पण माणूस आत वाळलेला. तो खाली मान घालून म्हणाला, "मालक कादरमियाँ आहेत." घाबरून म्हणाला, की वर्षभर जे बोलत आला तेच सवयीने म्हणाला, देव जाणे.

"बरोबर!" यादवशेट म्हणाला. "माझ्या दुकानात येऊन स्वतः सांगून गेलेत. टांगा अड्ड्यावर कोणालाही विचारा."

सगळे कादरकडे वळले. 'माझा नाही' एवढे दोन शब्द बोलायचे होते. कादरचं साज शिवायचं छोटं दुकान वाचलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. तेवढ्यात त्याची नजर अन्सारकडे गेली. अन्सार बापाकडे बघतच नव्हता. तो बघत होता हनीफ शेटकडे, आणि त्याचे डोळे भरून आले होते. कादरच्या काळजात कळ उठली. आज नाही म्हणालो, तर जन्मभर हे पोर म्हणणार, क्लब शेटचा होता. बुडाला तरी शेटचाच होता.

"मी मालक," कादर मोठ्याने म्हणाला. "क्लब माझा आहे. पहिल्यापासून माझाच आहे."

"म्हणजे पैसे तुम्ही देणार?" सेक्रेटरींनी विचारलं. "बघा हां, मोठी रक्कम छे."

"मी देणार. या कांदेवाल्याशी कोणी बोलायचं नाही. जे बोलायचं ते माझ्याशी."

सेक्रेटरींनी मान हलवली. शिट्टी वाजली. पोरं अशी खेळली की विचारता सोय नाही. चंदरने अंगावर येणारा प्रत्येक चेंडू छातीवर झेलला, आणि शेवटी अन्सारने गोल मारला तो डाव्या पायाने. कादर ओरडत उठला. मालकाच्या खुर्चीवरून उठला, कारण आज ती खुर्ची त्याला कोणी पुढे केली नव्हती, त्याने स्वतः ओढून घेतली होती. पोरं धावत कडेला येत होती. त्याने दोन्ही हात पसरले.

पोरं त्याच्या बाजूने पुढे गेली. मागे, लोकांच्या आडोशाला हनीफ शेट तोंडावर रुमाल धरून रडत उभा होता. त्याला त्यांनी खांद्यावर उचललं. "शेट, रडू नका! शेट, जिंकलो आपण!" सगळ्यांत पुढे अन्सार होता.

अंतिम सामना ते हरले, त्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. हनीफ शेट नाशकातलं घर विकून लासलगावला परत गेला. कादरचं दुकान गेलं. दुसऱ्याच्या दुकानात बसून तोच साज शिवायचा आणि मजुरीतला वाटा यादवशेटला नेऊन द्यायचा, हे त्याने तक्रार न करता वर्षानुवर्षं केलं. पोरं वाईट नव्हती. त्याला सलाम करत, मालक म्हणत, अडलं की विचारतही. पण शेट कधी बाजाराच्या कामाने नाशकात आला की माळावर खेळ थांबे, आणि पोरं त्याच्याभोवती गोळा होत.

अशाच एका दिवशी कादर लवकर घरी परतला. गुलजारबी तांदूळ निवडत होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं.

"शेट आलाय वाटतं?"

"हं."

"आता कशाला जळता? क्लब मिळाला ना तुम्हाला? सगळी कमिटी म्हणते, मालक तुम्ही."

"मिळाला," कादर म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "पैसे मी भरतोय, गुलजार. आणि पोरं त्याचीच राहिली."