तिसऱ्या दुर्बिणीचं झाकण

हायमभाऊ आमचे शेजारी. दिवसा पनवेलच्या तारघरात टकटक करायची, संध्याकाळी गच्चीवर काचेचे आरसे घासायचे. सासूबाई म्हणायच्या, "माणूस गुणाचा, पण आरसे घासतो आणि तोंड कधी पाहत नाही." त्या आरशांच्या त्यांनी तीन दुर्बिणी केल्या आणि प्रत्येकीला एकेक कॅमेरा बसवला.

सत्तावन्न सालच्या त्रिपुरी पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होतं. पुढच्या महिन्यात ते आणि दिनावहिनी इस्रायलला कायमचे निघणार होते. जाण्याआधी या गच्चीवरून एकेका क्षणाचे तीन-तीन फोटो त्यांना हवे होते. पहिली दुर्बीण त्यांची, दुसरी दिनावहिनींची. तिसरी उरली. ती माझ्याकडे दिली, कारण मी बी.एस्सी. झालेली. अंधारात एकमेकांचे हात दिसत नाहीत, म्हणून ते पितळी वाटीवर चमचा वाजवणार होते. पहिल्या ठोक्याला झाकण काढायचं, दुसऱ्याला लावायचं, मग फिल्म पुढे सरकवायची.

मला तिसरा महिना होता. सासूबाईंनी ग्रहणात बाहेर पडू नको म्हणून बजावलं होतं. मी हसले होते आणि दिनावहिनींच्या माजघरात बसते असं सांगून गच्चीवर गेले होते.

चंद्र पुरता तांबडा झाला. वाटी वाजली. माझा हात झाकणावर गेला आणि तिथून पोटावर आला. मी चंद्राकडे पाठ केली. अर्धा तास वाटी वाजत होती. मी फक्त फिल्म सरकवत होते, करकर ऐकू यावी म्हणून.

दोन दिवसांनी हायमभाऊंनी माझी फिल्म उजेडात धरली. कोरी होती.

"रिळावर चढलीच नाही, वहिनी. घाईत भरली मी. तुम्ही उगीच अवघडल्या अंगानं उभ्या राहिलात."

म्हणजे मला दिवस गेलेत हे त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, असू दे भाऊ, होतं असं.

जाताना तिसरी दुर्बीण ते मला देऊन गेले.

मुलगी धडधाकट झाली. आता सात वर्षांची आहे. दरवर्षी तिकडून निळं हवाई पत्र येतं. यंदाच्या पत्रात लिहिलंय, "आता चार कॅमेरे आहेत. पण त्या ग्रहणापासून फिल्म भरताना स्वतःवर भरवसा वाटत नाही. दिना दोनदा तपासते, तेव्हा कुठे धीर येतो."

उत्तरात दरवेळी मी पाऊस, तांदूळ, सासूबाईंचे गुडघे असं लिहीत जाते आणि पान भरतं. आज पहिल्याच ओळीत, झाकण मी काढलंच नव्हतं, असं लिहिलं. बाकीचं पान कोरंच सोडून पत्र चिकटवलं.