हाकेला ओ

आमच्या मायला मुदतीच्या तापात बहिरेपण आलं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. ताप उतरला, माय उठून बसली, आणि तिच्या पाठीमागे पितळी पातेलं पडलं तरी तिने मान वळवली नाही. राजूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या गणपतीला नवस बोलून झाले, जालन्याचे डॉक्टर झाले, औरंगाबादचे झाले. कान काही परत आले नाहीत. आवाज मात्र शाबूत राहिला, उलट मोठा झाला, कारण तो किती मोठा आहे हे तिला कळायला मार्ग नव्हता. समोर असलो तर आमच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. पाठ फिरवली की आमचं बोलणं तिच्यापुरतं संपलं.

तिची एकच बहीण, धाकटी. ती अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत दिलेली. पुढे मी मोठी होता होता गावातल्या किराणा दुकानात फोन आला आणि मावशी वसाहतीतल्या बूथवरून फोन करू लागली. दुकानदाराचं बोलावणं आलं की आम्ही मायलेकी हातातलं काम टाकून पळायचो. रिसीव्हर माझ्या कानाला. मावशी बोलेल ते मी मायकडे तोंड करून ओठांनी सांगायचे, मग माय वाकून रिसीव्हरमध्ये ओरडायची. साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हातात पिशवी धरून ऐकत उभं. अशा ठिकाणी दोन बहिणी काय बोलणार? पाऊस, कापूस, लेकरं. मध्येच मावशीचा आवाज भरून यायचा आणि ती म्हणायची, "जाऊ दे, तिला नको सांगू." मग मी काहीतरी जुळवून सांगायचे. माय माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. तिची बहीण माझ्या मागेच कुठेतरी उभी आहे आणि मी बाजूला सरकत नाहीये, असं मला वाटायचं.

मी शिक्षिका झाले, जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि वडील गेल्यावर मायला घेऊन आले. तेव्हा मोबाइल नुकते आमच्यासारख्यांच्या हातात यायला लागले होते. एका बिलात दोन नंबर देणारी नोकरदारांची एक योजना निघाली. दुसरा नंबर मी मायसाठी घेतला. शेजारणींना हसू आवरेना. "टकल्याला कंगवा घेऊन दिला बाई तू!" असं एकीने तोंडावर म्हटलं. मी तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

त्या फोनच्या बटणांवर मराठी अक्षरं होती आणि तो थरथरायचा. मायने तो कापडी पिशवीत घालून कमरेला खोचला. पहिल्यांदा थरथरला तेव्हा ती मेथी निवडत होती. ती दचकून उभी राहिली, मांडीवरची सगळी भाजी खाली सांडली. मावशीनेही तोवर मोबाइल घेतला होता, तिचा मेसेज होता: अक्का जेवली का.

माय ते तीन शब्द किती वेळ बघत होती कोण जाणे. शाळा तिची चौथीपर्यंत झालेली, पण वाचायची ती खडाखडा. मग ती खिडकीपाशी बसली आणि एकेक बटण दाबू लागली. मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो झटकला. अख्खी दुपार गेली त्यात. जेवले, तू जेवली का, एवढंच गेलं असेल, पण ते गेल्यावर तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि ती रडली. मलाही रडू आलं. इतक्या वर्षांनी तिला कुणीतरी मागून हाक मारली होती आणि ती तिला कळली होती. आणि त्या हाकेत मी कुठेच नव्हते. एवढासा डबा, त्याला ना तोंड ना कान, आणि त्याने दोन बहिणींना एका चटईवर आणून बसवलं, याचं मला आजही नवल वाटतं. पुढे तर त्या एकमेकींना गुपितं सांगू लागल्या. मेसेज वाचून माय एकटीच हसायची, कधी कपाळावर हात मारायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई."

असे बरेच महिने गेले आणि एक दिवस बिल आलं ते नेहमीच्या कैक पट. माझा नंबर ठीक होता. मायच्या नंबरापुढे "विशेष सेवा" असं लिहून पानभर ओळी होत्या. मी कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत शेवटी एक माणूस भेटला. तो म्हणाला, या नंबरावरून विशेष क्रमांकांना रोज उत्तरं जातात, त्या प्रत्येक उत्तराचा वेगळा आकार आहे. मी म्हणाले, "अहो, ती बाई बहिरी आहे, सत्तरीला टेकलीये, ती कशाला विशेष सेवा घेईल?" तो म्हणाला, "मॅडम, उत्तरं तुमच्याकडूनच गेलीत."

मी मायचा फोन उघडला. त्यात इंग्रजीतले मेसेज होते. प्रश्नमंजूषा खेळा, भविष्य जाणून घ्या, गाणं लावा, असले. सगळ्यांच्या शेवटी हसरा चेहरा आणि उत्तर पाठवा म्हणून आग्रह. आणि प्रत्येकाला मायचं मराठीतून उत्तर: राम राम. इंग्रजी येत नाही. घरी सगळे बरे आहेत. तुमच्याकडे पाऊस आहे का. तिचं उत्तर पोचलं की तिकडून लगेच नवा मेसेज, त्याला पुन्हा हिचं उत्तर.

"कोण है हे, माय?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? पण मोठं मायाळू है. जल्दी उत्तर देतंय. तुझ्या मावशीपरीस जल्दी."

"वाचता येत न्हाई तर उत्तर कामून देती?"

"राम राम घातल्यावर गप बसावं का?" ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी तिला रिक्षात घातलं आणि नव्या जालन्यातल्या कंपनीच्या दुकानात नेलं. काचेचं दार, आत गारवा, टोकन घेऊन बसलेली माणसं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. मी बिल तिच्यापुढे आपटलं आणि सुरू झाले. तिने शांतपणे सगळं ऐकलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि आत केबिनमध्ये साहेबांकडे जाऊन आली.

"मॅडम, पाठवलेल्या उत्तरांचे पैसे कमी होत नाहीत, असं साहेब म्हणतात."

"मग ते विशेष नंबर तरी बंद करा."

"तेवढेच बंद करायचं इथून होत नाही. या नंबराची मेसेजची सोयच पूर्ण बंद करता येईल. मग पुन्हा असं बिल येणार नाही. करू का? आत्ता होईल."

तिचं बोट बटणावर होतं. मेसेज बंद म्हणजे काय, हे त्या पोरीला कुठून माहीत असणार? फोन बोलायला असतो, मेसेज म्हणजे वरची चैन, असाच तेव्हा सगळ्यांचा समज. मी थांबवलं तिला. मायकडे वळले आणि ओठांनी सांगितलं की मेसेज बंद करायचं म्हणून राह्यलेत. सगळेच. मावशीचे पण.

माय उभी राहिली. तिचा आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे. त्या गार दुकानात तो असा घुमला की टोकनवाली माणसं वळून बघू लागली.

"बाई, मला ऐकू येत न्हाई. लेकरं लहान व्हती तवापसून. लोकं मागून हाका मारायचे, मी आपली पुढं चालत राहायचे. नदीवर बाया म्हणायच्या, हिला माज आलाय. सख्खी जाऊ मरायला टेकली व्हती, तिनं मला हाक मारल्ती, मी दाराशी पाठमोरी बसल्ते. ती गेली. मंग मला लोकांनी सांगितलं, ती तुला बोलवीत व्हती म्हणून. आता या डबड्यातली हाक मला कळती. जो हाक मारील त्याला मी ओ देणार. इंग्रजी असू दे न्हाईतर फारसी असू दे. ते बंद करू नको, बाई."

जावेची गोष्ट मला माहीत नव्हती. मी तिची पोटची पोर, तिचं बोलणं जगाला आणि जगाचं बोलणं तिला सांगण्यात माझी उमर गेलेली, आणि हे मला एका परक्या दुकानात, सगळ्यांबरोबर ऐकायला मिळालं.

मुलीने बटणावरचं बोट काढून घेतलं. मग मला म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगा ना..." मी सवयीने मायकडे वळले. मायने हाताने मला गप्प केलं.

"तू बस. तिला म्हणावं, लिही."

मुलीने ड्रॉवरमधून स्वतःचा फोन काढला. बिलावरून नंबर बघून टाइप केलं. मायची कंबर थरथरली. मायने वाचलं, ओठ मुडपून बटणं दाबली. मुलीने वाचलं आणि लगेच दुसरं लिहिलं. मधे हातभर काउंटर, दोघी एकमेकींसमोर, आणि दोघींच्या माना खाली. पुढचं टोकन ज्याचं होतं तो माणूस "होऊ द्या, होऊ द्या" म्हणाला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. माय एका अनोळखी माणसाशी बोलत होती, तिची बाजू तीच मांडत होती, आणि त्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. लहानपणी राजूरला गणपतीसमोर उभी राहताना वाटायचं तसं काहीतरी मला वाटत होतं. हात आपोआप जोडले जातात, तसं.

शेवटी मुलगी फोन घेऊनच केबिनमध्ये गेली. बाहेर आली तेव्हा साहेब तिच्या मागून दारापर्यंत आले, मायकडे बघून त्यांनी मान लववली आणि परत आत गेले.

"या वेळचा विशेष सेवेचा आकार काढून टाकतोय," मुलगी मला म्हणाली. "ते नंबर तेवढे बंद व्हावेत म्हणून वर लिहितोय, थोडे दिवस लागतील. बाकीचे मेसेज चालू राहतील. फक्त तोवर त्यांनी त्या नंबरांना उत्तर लिहायचं नाही."

"मी समजावते तिला."

"झालंय समजावून. त्यांनी शब्द दिलाय."

रिक्षात बसल्यावर मला राहवेना. तिने काय लिहिलं, तू काय लिहिलं, मी परत परत विचारलं. मायने पदर सारखा केला आणि बाहेर बघत म्हणाली, "तुला काय करायचंय? आमचं बोलणं झालं बराबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मायच्या कमरेला फोन थरथरला. तिने काढून पाहिला. मावशीचा नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिचा अंगठा बटणांवर गेला आणि थांबला. आता ही काय करते म्हणून मी गाळणं हातात धरून बघत राहिले. मायने फोन तोंडासमोर धरला, पूर्वी किराणा दुकानात रिसीव्हरमध्ये ओरडायची तशी घसा साफ केला, आणि खालच्या धान्याच्या दुकानातले हमालसुद्धा वर बघतील अशा आवाजात म्हणाली,

"राम राम! लिवता येणार न्हाई आता, शब्द देऊन बसले. पण तुमची हाक पोचली बरं का!"

मग फोन पिशवीत घालून तो परत कमरेला खोचत तिने माझ्याकडे हात पुढे केला आणि चहा मागितला. माझ्या अंगावर काटा उभा होता, आणि ती म्हणत होती की बघत काय बसलीस, चहा निवतोय.