कागदावर अठ्ठेचाळीस

त्याने सुई माझ्या हातात दिली. दोरा दिला. आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने मोजायला लागला.

एक. दोन. तीन.

सकाळचे पावणेसात वाजले होते. बोईसरच्या एका कापड कारखान्याच्या फाटकाबाहेर रोजंदारीच्या सत्तर-ऐंशी बाया रांगेत उभ्या होत्या. पहिल्या पाळीचे कामगार सायकली थांबवून बघत होते. मी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पिळलं, नेढ्याला लावलं. दोरा बाजूने गेला. परत लावला. परत बाजूने. माझे हात थरथरत नव्हते. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. हात पक्के होते. नेढंच दिसत नव्हतं.

वीस. एकवीस.

रांगेतल्या पोरी हसायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "आजीला चाळीशी द्या रे." पंचविसाला त्याने सुई काढून घेतली.

"डोळे गेले तुमचे, आजी. आज घरी जा. उद्या बघू."

हा सुपरवायझर असेल अठ्ठावीस-तीस वर्षांचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शिव्या देत नसे. अंगाला हात लावत नसे. त्यामुळे त्याला लोक चांगला माणूस म्हणत.

मी डबा घेऊन तशीच परत फिरले. घरी पोचले तेव्हा डब्यातली भाकरी अजून कोमट होती. नवरा खाटेवर होता. तारापूरकडे मोठी मोठी बांधकामं चालली होती, तेव्हा तो परांचीवरून पडला. कंबर गेली. तेव्हापासून तो खाटेवर आणि मी कामावर. मुलगा वापीला. त्याचं त्यालाच पुरत नाही. नवऱ्याला सांगितलं, सुई ओवता आली नाही म्हणून परत पाठवलं. तो म्हणाला, "सुईच तर हाय. शिकून घे."

बासष्टाव्या वर्षी सुई ओवायला शिकून घे.

आता वयाचं सांगते. सगळा गुंता तिथेच आहे, आणि तो मी माझ्या हाताने केलेला आहे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी या कारखान्याच्या फाटकावर पहिल्यांदा उभी राहिले. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. रांगेत पुढे उभी असलेली बाई मागे वळून म्हणाली, "चाळीसच्या वर सांगू नको. घेत नाय." टेबलावर ठेकेदाराचा कारकून वही घेऊन बसला होता. वय? मी म्हणाले, बत्तीस. त्याने मान वर केली नाही. बत्तीस लिहिलं. मला एवढा आनंद झाला की फाटकातून आत जाताना मी जवळजवळ पळाले. चौदा वर्षं मी एका शब्दात टाकून दिली. मला वाटलं, फसवलं यांना.

त्या वहीवरून कार्ड बनलं. कार्डावरून रेशनकार्डावर वय चढलं. रेशनकार्डावरून मतदारयादीत. गावातल्या ज्या शाळेत मी चौथी शिकले, तिचं जुनं दप्तर वाळवीने खाल्लं. म्हणजे माझं खरं वय आता फक्त मला माहीत आणि नवऱ्याला.

सुई ओवता न आल्याने तीन दिवस घरी बसल्यावर मी पालघरला तहसील कचेरीत गेले. म्हाताऱ्या निराधारांना सरकार महिन्याला काही देतं असं ऐकलं होतं. वाटलं, अर्ज करून ठेवू. पुढे तरी उपयोगी येईल. कारकुनाने रेशनकार्ड उघडलं, वाचलं, परत माझ्याकडे सरकवलं.

"पासष्ट लागतात, आजी. तुम्ही अठ्ठेचाळीसच्या."

मी म्हणाले, "माझ्याकडं बघा तरी."

त्याने बघितलं. म्हणाला, "बघून काय करू? कागदावर अठ्ठेचाळीस आहे. जिथून हे वय आलं तिथून दुरुस्त करून आणा."

मला आजी म्हणून हाक मारायची आणि अठ्ठेचाळीस वर्षांची ठरवायची, या दोन्हीत त्याला काही चुकलेलं वाटलं नाही.

कारखान्यात दुरुस्त करायला गेले तर तिथला हिशेबनीस हळूच म्हणाला, "बाई, बासष्ट लिहिलं तर साहेब उद्याच काढून टाकतील. राहू दे आहे ते." त्याने माझ्या भल्यासाठीच सांगितलं. म्हणून कागदावरचं वय खोटंच राहिलं.

असं अडकले. फाटकावर मी म्हातारी. कचेरीत मी तरुण. काम करायला माझं वय जास्त आणि थांबायला कमी.

मग मी सुई ओवायला शिकले. दारात उजेड असेल तिथे बसून, रोज. सुई पांढऱ्या कापडावर धरली की नेढं जरा दिसतं. दोऱ्याच्या टोकाला मेण लावलं की ते वाकत नाही. मी पदराच्या काठाला आतून पांढरी चिंधी शिवून घेतली. सुई मिळाली की पदर सारखा केल्यासारखं करायचं आणि चिंधीवर सुई धरायची. आठवड्यातले चार दिवस जमायचं. दोन दिवस घरी. केस पिकलेल्या आम्ही नऊ बाया होतो. सगळ्यांना ही चिंधी मीच शिवून दिली. अपमान सोसायची नवी युक्ती शोधली आणि तिची मला ऐट वाटायची.

आमच्यात घिवलीची पार्वतीबाई होती. समुद्रावरची बाई. नवरा होडीसकट गेलेला. पहिल्या एसटीने यायची, बोलायला लागली की थांबायची नाही. तिला चिंधीनेही जमेना. एक दिवस सुपरवायझर मोजत होता, आणि ती सुई डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "सायबा, एक तर भोक मोठं कर, नायतर दोरा बारीक कर. सगळं माझ्या डोळ्यांवर नको टाकू."

लोक हसले. तोही हसला. म्हणाला, "मावशी, घरी बसा आता. नातवंडं सांभाळा."

"नातवंडं मला सांभाळत नाय, मी त्यांना काय सांभाळू?"

अजून हशा. तो मोजत राहिला. पंचविसानंतर थांबला नाही. तिसापर्यंत गेला, पस्तिसापर्यंत गेला, कारण लोकांना मजा येत होती. पार्वतीबाईचं बोलणं थांबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टक लावून बघितलं की येतं तसलं पाणी. ती सुई सोडेना. पन्नासाला तिने सुई त्याच्या हातात ठेवली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली.

मी हसले होते.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. सगळ्या हसल्या तशी मीही हसले. तोंडावर पदर घेऊन हसले. हसणारीकडे कुणी बघत नाही, म्हणून हसले. तिला जमलं नाही तर एक जागा माझ्यासाठी मोकळी राहते, हाही हिशोब तेव्हा डोक्यात होता. त्या दिवशी मला आत घेतलं. दिवसभर काम केलं. डबा तसाच परत आणला.

आषाढ लागला. डोंगरातल्या पोरी भाताच्या लावणीला आपापल्या गावी गेल्या. दरवर्षी जातात. कारखान्यातली निम्मी टेबलं रिकामी झाली, आणि विणून आलेलं कापड आवारात ताडपत्रीखाली साचायला लागलं. त्या दिवसांत सुईची परीक्षा होत नाही. लावणीच्या महिन्यात आमच्या सगळ्यांचे डोळे बरे होतात. बाकीच्या म्हाताऱ्या बायांचं हे मी आधीची दोन वर्षं बघत होते आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. देव पावला असं वाटायचं.

त्या वर्षी वॉचमन चाळीत निरोप घेऊन आला. "सब बुढ़िया लोग को साहब बुलाता है." घिवलीलाही निरोप गेला. आम्ही नऊजणी फाटकावर गेलो. सुपरवायझर छत्री घेऊन उभा होता. आजी नाही, बाई नाही, "या ताई, या मावशी, चला आत." बाया आत सरकायला लागल्या.

मी विचारलं, "साहेब, आज सुई नाय?"

तो हसला. "आज कशाला सुई? कामाचा ढीग पडलाय."

आणि तिथे फाटकात उभ्या उभ्या मला कळलं. लाज वाटावी इतकं साधं होतं ते. आमचं काम कापड तपासायचं. उतरत्या काचेवरून कापड सरकतं, खालून ट्यूबलाइटचा उजेड असतो. सुटलेले दोरे कात्रीने कापायचे, गाठ लागली की चिमट्याने उपटायची. जुन्या बाया डोळ्यांनी गाठ शोधतही नाहीत. कापडावर तळवा ठेवला की गाठ हाताला लागते. ज्या पोरी सुई झटक्यात ओवायच्या, त्यांच्या तपासलेल्या ताग्यांत आम्ही नंतर गाठी काढत असू.

मी म्हणाले, "साहेब, आमच्या कामात सुई हाय कुठं? सोळा वर्षांत मी आत सुई बघितली नाय."

तो आवाज खाली करून बोलला. रागाने नाही. समजावल्यासारखं.

"सुई नसती तर दुसरं काहीतरी काढलं असतं, मावशी. वरून सांगतात, म्हातारी माणसं कमी करा. मी तोंडावर कसं सांगू? म्हणून सुई. आता चला, भिजताय."

म्हणजे एवढे महिने मी दारात बसून जे शिकले, ते पास व्हायची परीक्षाच नव्हती. आम्ही आमच्या तोंडाने म्हणावं की आता जमत नाही, यासाठी ती होती. त्याला नाही म्हणायचं नव्हतं. आमचं आम्हीच नाही म्हणून जायचं होतं. पार्वतीबाई तशीच गेली होती. आणि मी हसले होते.

"वही मागवा," मी म्हणाले. "माझं वय लिहा. बासष्ट."

"वेड लागलं का? बासष्ट लिहिलं तर लावणी संपली की तुम्ही बाहेर."

"अठ्ठेचाळीसला पण तुमी बाहेरच काढता."

पार्वतीबाई माझ्या मागे होती. ती फाटकाशेजारच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "माझं मला नक्की ठाव नाय, सायबा. पण अठ्ठेचाळीस माझ्या पोरीला झाली. त्याच्या वर काय ते लिव."

या वेळी कुणी हसलं नाही.

चारजणी आत गेल्या. त्यातली एक जाताना रडत होती. मी त्यांना काही बोलले नाही, आजही बोलणार नाही. त्यांच्या घरातही खाणारी तोंडं होती. आम्ही पाचजणी बसलो. वॉचमन म्हणाला, "इधर बैठने का नहीं." आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलो, फाटक दिसेल अशा.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. घरी तांदळाची पेज. नवऱ्याने विचारलं, "परवा काय खायचं?" मी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी आवारातलं कापड ताडपत्रीतून ओलं व्हायला लागलं. दुपारी हिशेबनीस वही घेऊन रस्ता ओलांडून आला. पाच वयं खोडली, पाच वयं लिहिली. मी ओळ वाचून बघितली, मगच उठले. सुपरवायझर फाटकात होता. आम्ही समोरून आत गेलो तेव्हा तो दुसरीकडे बघत होता.

नारळी पौर्णिमेनंतर पोरी परत आल्या आणि त्याने मला काढलं. बोलल्याप्रमाणे. मी म्हणाले, कारण लिहून द्या. त्याने लिहिलं, वय झाल्यामुळे. तो कागद घेऊन मी पालघरला गेले. कारकुनाने रेशनकार्डावर वय बदललं आणि म्हणाला, आता बासष्ट झाले. अजून तीन वर्षांनी या.

तीन वर्षं काय खायचं, ते त्याच्या रकान्यात नव्हतं.

आता मी स्टेशनजवळच्या एका खानावळीत भांडी घासते. पार्वतीबाई पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत विड्याची पानं मोजून त्यांच्या जुड्या बांधते. खानावळीच्या मालकाने पहिल्या दिवशी वय विचारलं. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, एवढ्या वयात जमेल का? मी म्हणाले, भांडी कुठे आहेत ते दाखवा. दोघांना पुरेल एवढं मिळत नाही. उभं राहून पाय सुजतात. थांबता येत नाही, आणि पुढे थांबता येईल असं मला वाटतही नाही. पासष्टनंतर जे मिळेल, त्यात दोन माणसं जगत नाहीत.

काम मी मरेपर्यंत करणार. त्यातून सुटका नाही, ते मला ठाऊक आहे. पण तरुण असल्याचं सोंग आता कुणाच्या दारात करणार नाही. माझ्या तोंडून नाही वदवून घेण्यासाठी कुणी काही हातात दिलं, तर ते मी घेणार नाही. म्हातारीला काम देताय, हे माहीत असून द्या. नको असेन तर तसं माझ्या तोंडावर सांगा. मी उभी राहून ऐकेन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येईन.