बोल्टाखालचा रंग

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते आणि पूजेआधी तिला सजवणं. यंदा फाटकाचा चांदीसारखा रंग उरला होता. यांनी बॉनेट उघडून गंज दिसेल तिथे तो फासला. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टाने कसलेली असते, तिथून ती सोडवून त्या जागेवरही जाड हात मारला. वाळल्यावर वायर परत कसली आणि वर हळदकुंकू वाहिलं. मी आरतीचं ताट धरून बघत होते.

तिसऱ्या दिवशी माझ्या आईला भिवापूरहून आणायचं होतं. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या इथल्या दवाखान्यात दुपारी होतं. वेळ चुकली तर पुढची पाळी दिवाळीनंतर. सकाळी आठला यांनी चावी फिरवली. नुसता आवाज आला, कट. पुन्हा फिरवली. कट.

दीर आले. बॅटरीला टरबुजासारखी टिचकी मारून म्हणाले, "दादा, बॅटरी मेली."

मित्राच्या गाडीतली चांगली बॅटरी काढून आणली, बसवली. कट. मग त्या बॅटरीलाही दोघांनी नावं ठेवली आणि आपलीच परत बसवली.

मागे हॉर्न वाजेना म्हणून एक वायरमन घरी आला होता. तो सांगत होता, करंट बॅटरीतून निघतो, काम करतो आणि गाडीच्या लोखंडातूनच काळ्या वायरीने परत येतो. म्हणून ती वायर उघड्या लोखंडाला चिकटलेली पाहिजे. हीच गाडीची अर्थिंग. आमचे हे उलट त्यालाच शिकवत होते की चाकं जमिनीला टेकली की अर्थिंग होते. टायर रबराचे असतात, एवढं मलाही माहीत होतं. चहा देता देता मी दोघांचं ऐकलं आणि कोणाचं लक्षात ठेवायचं ते ठरवलं.

दाराआडून मी म्हणाले, "अवो, त्या बोल्टाखाली रंग गेला ना..."

"पाह्य," हे दिराला म्हणाले, "चौथी पास इंजिनियर बोलून राहिली!"

"वहिनी, तुम्ही चहा ठेवा," दीर हसले.

मी चहा ठेवला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. दिरांच्या मते दृष्ट लागली होती, म्हणून ताजं लिंबू-मिरची बांधलं. तरी कट. शेवटी विचार करून दमलेले दोघं तर्रीपोहे खायला गेले.

गल्लीत कोणी नाही असं पाहून मी पाना घेतला. वायर सोडली, पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत रंग खरडला, वायर घट्ट कसली आणि भांडी घासायला बसले.

पोहे खाऊन आल्यावर यांनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

"बॅटरीले आराम पायजे होता," हे म्हणाले. दिरांनी लिंबाला हात जोडले.

भिवापूरहून परत येईपर्यंत आईला त्या आरामाची गोष्ट तीनदा ऐकावी लागली. दवाखान्यात तिचं नाव पुकारून झालं होतं. मी नर्सबाईपुढे हात जोडले, तेव्हा त्यांनी आईला सगळ्यात शेवटी घ्यायचं कबूल केलं.

हे पाणी आणायला गेले तेव्हा आईने हळूच विचारलं, "खरं सांग वं, कोणी सुरू केली गाडी?"

"मी."

"तुले सकाळीच समजलं होतं?"

"हो. पण ते दोघं होते ना तिथं."

"अन् मी सकाळपासून ओट्यावर पिशवी घेऊन बसली होती," आई म्हणाली. "त्याईले हासू द्याचं होतं. तू तवाच पाना काहून नाही उचलला?"