फाटकावरचा सह्याद्री

आमच्या भूगोलाच्या सरांइतका वर्गाचा तिटकारा असलेला शिक्षक सबंध सिल्वासात दुसरा झाला नसेल. ऐंशीच्या दशकात, इथे एकामागून एक कारखाने उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खासगी शाळेला कोऱ्या करकरीत भिंती होत्या, भिंतींवर नकाशे होते, आणि सर मात्र कोकणातून आणलेली छत्री काखोटीला मारून हजेरी संपायच्या आत आम्हाला दाराबाहेर काढत. नदी शिकवायची ती दमणगंगेच्या काठी आणि माती शिकवायची ती थेट रांधा गावच्या शेतात. एकदा तिथून आम्ही इतके माखून आलो की मुख्याध्यापिकाबाई आम्हाला आत घेईनात. "सर, याचे परीक्षेत मार्क मिळतात का?" त्यांनी विचारलं. "नाही बाई," सर म्हणाले, "पण ही माती पोरं जन्मात विसरायची नाहीत." ते खरं निघालं. आमच्या आयांनाही ती अजून आठवते.

सरांचा खरा जीव स्नेहसंमेलनात. नाटक ते स्वतः लिहीत आणि त्यात माणूस औषधालाही नसे. सगळ्या नद्या, डोंगर आणि वारे. वर्गातलं एकही पोर नाटकाबाहेर राहता कामा नये हा त्यांचा हट्ट, त्यामुळे एका वर्षी एका मुलाला त्यांनी कर्कवृत्त केलं होतं. त्याला संवाद नव्हते, नुसतं आडवं पडून राहायचं होतं. त्याची आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "तो खाली निजलाय ना, तो आमचा." भूमिका वाटल्या की सर आमची नावं विसरत. मग वर्षभर "ए खाऱ्या वाऱ्या, फळा पूस" असं चाले. नाटक सुरू झालं की ते विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करत, तेही अशा आवाजात की शेवटच्या रांगेला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई.

सातवीत मी सह्याद्री झाले. माझी लेक दमणगंगा समुद्राकडे सासरी निघते आणि मी तिला निरोप देते, असं ते नाटक होतं. माझे वडील खानदेशातून आलेले, सामरवरणीला सुताच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून ते दिवसा झोपत आणि मी त्यांच्या खाटेशी बसून संवाद घोकत असे. त्यांनी मला शाळेत कधी पाहिलंच नव्हतं. एकदा माझं नाटक बघावं, एवढंच मला हवं होतं. आणि नेमकी संमेलनाच्या आठवड्यात त्यांना दुपारपाळी लागली. सर घरी येऊन बोलले, तर वडील मान खाली घालून म्हणाले, "सुट्टी नाही भेटत, सर. सायेब बोलतो, मशीन कोन पाहील?" संमेलन झालं, टाळ्याही पडल्या, आणि मी विंगेत येऊन हुंदके देऊन रडले.

"रडतेस कशाला गो, सह्याद्री?" सर म्हणाले. मग बाकीच्यांकडे वळून त्यांनी फर्मावलं, "उद्या शाळा सुटल्यावर सगळ्यांनी रंगून थांबायचं."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीला अख्खा भूगोल कारखान्याच्या फाटकावर हजर झाला. वॉचमन भांबावला. "अरे मास्टरजी, ये सब कौन है?" सरांनी छत्रीने एकेकाची ओळख करून दिली, "ये सह्याद्री, ये दमणगंगा, और वो पीछे समुद्र है. समुद्र को अंधेरे से पहले घर पहुँचाना है, जल्दी खोलो." तो हसत सुटला आणि त्याने फाटक उघडलं. कामगार चहाचे पेले घेऊन अंगणात बसले. तिथे विंग कुठली असणार? सर वडिलांशेजारी मांडी घालून बसले.

निरोपाच्या वाक्यापाशी मी अडले. वडील समोर बघत होते ना! मी घाबरून सरांकडे पाहिलं. सर तोंड उघडं टाकून नाटक बघत होते. इतकी वर्षं नाटकं बसवली, पण समोरून त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. प्रॉम्प्टिंग त्यांच्या गावीही नव्हतं. तेवढ्यात वडिलांचा आवाज आला, "जा बाई, पण वाटेतल्या गावांना पाणी पाजत जा." खाटेवर डोळे मिटून पडलेल्या वडिलांनी सगळं नाटक ऐकलं होतं.

त्यानंतर सर कधी विंगेत उभे राहिले नाहीत. दरवर्षी पुढे बसत आणि अडलेली वाक्यं आमचे आईबापच सांगत. नाटकं जरा ढिसाळ झाली खरी, पण पाळी बदलून येणारे बाप वाढले.

नव्वदच्या दशकात सर निवृत्त होऊन कोकणात निघाले, तेव्हा एसटीपाशी आम्ही बरेच जण आईबापांसकट जमलो होतो. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना शब्दच फुटेना. जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा माणूस आमच्याकडे नुसता बघत राहिला. गाडी हलली. वडील खिडकीबरोबर चार पावलं चालत गेले आणि हळूच म्हणाले, "जा बाई, पण वाटेतल्या गावांना पाणी पाजत जा."