जिन्याखालचा सर्व्हर

आमच्या घरातला सर्व्हर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडला. बंद पडला असं म्हणता येत नव्हतं. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, आत थोडं कुरकुरायचं, आणि दोन-चार मिनिटांनी सगळं गप्प होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. एखाद्या वेळी तर पूर्ण चालू झाल्यासारखं वाटायचं, फाइलींची नावंही दिसायची, आणि एखादी उघडायला जावं तर सगळंच नाहीसं. पुरतं बंद पडलेलं यंत्र मला समजतं. हे असलं अधलंमधलं मला सहन होत नाही.

सर्व्हर हा शब्द मोठा, वस्तू लहान. जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारी, फळीवर ठेवलेली एक काळी पेटी. आमच्या ह्यांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतः जुळवली. हे एका बियाण्यांच्या कंपनीत होते. प्लॉटवरच्या पिकाच्या ओळींच्या नोंदी ठेवायच्या आणि प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी लावायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाले आणि चिठ्ठ्या लावायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी भावकीचे कागद हातात घेतले. तीर्थपुरीकडे आमच्या भावकीची पुष्कळ घरं आहेत. हे गावी गेले की लोक पिशव्या घेऊन यायचे. कुणाचा दाखला, कुणाची मार्कशीट, कुणाचा फेरफार, लग्नाला आलेल्या मुलीचा बायोडाटा. प्रत्येक कागद सरळ ठेवून स्कॅन करायचा आणि घराप्रमाणे, माणसाप्रमाणे नाव देऊन पेटीत टाकायचा. मग कुणी तहसीलच्या रांगेत उभं असताना फोन यायचा, "काका, माझं जातीचं पाठवा ना जल्दी." पाच मिनिटांत कागद त्याच्या फोनवर.

एप्रिलमध्ये ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला, हात आला नाही. आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो, "बराबर." भूक लागली तरी बराबर, नको असलं तरी बराबर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळे शब्द आत अडकतात आणि एखादाच हाताशी राहतो.

भावकीचे फोन मात्र येत राहिले. त्या लोकांचं काम कागदाशी होतं, ह्यांच्या बोलण्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. हे फोन कानाला लावायचे, ऐकून घ्यायचे, "बराबर" म्हणायचे आणि डाव्या हाताने माउस सरकवत खोलीतल्या कॉम्प्युटरवरून पेटीतला कागद शोधायचे. पाच मिनिटांच्या कामाला आता अर्धा तास लागायचा, पण कागद जायचा. अख्ख्या दिवसात ह्यांनी स्वतः सुरू करून स्वतः संपवलेलं असं ते एकच काम होतं. म्हणून पेटी बिघडली तेव्हा मी घाबरले ते कागदांसाठी नव्हे. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी आहेत. हे काम गेलं तर ह्यांनी सकाळी उठून बसायचं कशासाठी?

माझा स्वभाव तापट आहे. जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, आवाज चढवल्याशिवाय काही होत नाही हे डोक्यात बसलेलं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पेशंटला ताण द्यायचा नाही. तेव्हापासून ह्यांच्यावर मी एकदाही ओरडले नाही. राग काढायचा तो भाजीवाल्यावर, लाईट घालवणाऱ्यांवर, फोनवरून मुलीवर. ह्यांच्याशी बोलताना माझा आवाज पहिलीच्या वर्गातला झाला. हात वर करा, शाब्बास. एवढा घास घ्या, शाब्बास. ह्यांनी केळं सोलायला घेतलं की मी ते काढून घ्यायची आणि सोलून द्यायची. शर्टाची बटणं, चपलेचा पट्टा, चहाची बशी, सगळं तसंच. पटकन उरकतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चाचपडणं मला बघवत नव्हतं म्हणून.

पेटी बिघडली त्या दिवशी पुतण्याचा फोन आला. "काकू, काकाला द्या बरं. माझा रहिवासी पायजे, मी इथं सेतूत उभा हाये." ह्यांनी ऐकलं, बराबर म्हणाले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. बराच वेळ गेला तरी उठेनात, म्हणून मी जाऊन पाहिलं. पडद्यावर रिकामी चौकट, आणि हे तिच्याकडे बघत बसलेले. मी पुतण्याला फोन करून सांगितलं की मशीन नादुरुस्त आहे.

"मंग ऱ्हाऊ द्या काकू," तो म्हणाला. "इथं दुसरा दाखला काढून देऊन राह्यलेत. मी घेतो इथूनच."

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी ते ऐकलं आणि माउस बाजूला सारला.

मी कामाला लागले. आधी प्लग काढून पाच मिनिटं थांबून पुन्हा लावला. मग इन्व्हर्टरवर संशय आला, म्हणून पेटी थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडली. मोटार चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा करून पाहिलं. दर वेळी किती मिनिटं चाललं ते वहीत लिहिलं. लिहून काढलं की गोष्ट उलगडते हा माझा अनुभव, पण त्या आकड्यांना काही धरबंधच नव्हता. एकदा दोन मिनिटं, एकदा चाळीस.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलीने व्हिडिओ कॉल केला. तिच्या सांगण्यावरून मी पेटीला टीव्ही जोडला आणि काळ्या पडद्यावर उमटणाऱ्या इंग्रजी ओळी एकेक अक्षर करून तिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "आई, आत एक छोटी डिस्क आहे, तिच्यावरून मशीन सुरू होतं. ती त्याला कधी सापडते, कधी सापडत नाही. कागद मोठ्या डिस्कवर आहेत, ते बहुतेक सुखरूप असतील. पण हे अचानक कसं झालं? बाबांना विचार ना, त्यांनी काही हलवलं का."

"त्यांना काय विचारायचं?" मी म्हणाले. "सांगता येतंय का त्यांना?"

हे दारातच उभे होते. मी बघितलं नाही असं म्हणणार नाही. बघितलं, आणि बोलून गेले.

त्या दोन दिवसांत हे तीन-चारदा जिन्यापाशी आले. काठी उचलून पेटीकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "बराबर, बराबर." मी कोपराला धरून त्यांना खुर्चीवर नेऊन बसवायची. "तुम्ही नका काळजी करू. मी आहे ना."

तिसऱ्या दिवशी सकाळी नवीन जालन्यातून एक मेकॅनिक आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने सगळ्या वायरी काढून पेटी जेवणाच्या टेबलावर आणली आणि उलटीपालटी करून पाहिली.

"काकू, चार स्क्रूपैकी दोनच हायेत. अन् त्यातला एक तिरपा बसवलाय."

त्याने झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता. छोट्या डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, आणि पंख्याच्या कडेला झेंडूची एक पाकळी सुकून चिकटली होती.

झेंडू बघितला आणि मला उलगडलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हे दर वर्षी पेटी उघडायचे. रंगाच्या ब्रशने धूळ झाडायचे, आतल्या एकेका वस्तूला हळदीकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि पेटी बंद करायचे. पाटावर विळा, कात्री, माझं शिलाई मशीन, दारात स्कूटी, या सगळ्यांची पूजा मी करायची, पण पेटीची त्यांची त्यांनी. यंदा मी माझी पूजा सकाळी लवकर उरकली. पेटीची आठवणच झाली नाही. ते त्यांचं काम होतं, आणि त्यांची कामं माझ्या लेखी एप्रिलमध्येच संपली होती. पूजा झाल्यावर शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून मी राजूरला गेले. गणपतीपुढे रांगेत उभं राहून ह्यांचा हात परत मागितला. आणि मी तिथे हात मागत होते त्याच वेळी हे इथे जिन्याखाली जमिनीवर बसून डाव्या हाताने स्क्रू काढत होते. एकेका स्क्रूला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. खाली बसले कसे आणि उठले कसे, हे मला आजही माहीत नाही. ज्या माणसाला मी केळं सोलू देत नव्हते त्याने ती पेटी उघडली, झाडली, पुजली आणि मी यायच्या आत बंद केली.

"केबल अर्धीच बसलीय," मेकॅनिक म्हणाला. "टेकली की लागते, हलली की सुटते. म्हणून हे सगळं. कोन खोललं व्हतं हे?"

हे दारात उभे होते. मेकॅनिकने प्रश्न मला विचारला होता. घरी येणारा प्रत्येक जण आता मलाच विचारायचा, ह्यांचं जेवण, ह्यांची झोप, ह्यांचं दुखणं, सगळं.

"मी," मी म्हणाले. "पुसायला खोललं होतं."

"असं करत जाऊ न्हाई काकू. माहिती नसंल तर हात लावू न्हाई."

काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. हे पाय ओढत टेबलापाशी आले. काठी खुर्चीला टेकवली, डाव्या हाताची मूठ केली आणि स्वतःच्या छातीवर मारली. एकदा, दोनदा. "बराबर." चेहरा लाल झाला होता. मी पहिलीच्या आवाजात म्हणाले, "हो हो, बसा बरं तुम्ही," आणि त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी माझा हात झटकला. इतका जोर त्या हातात आहे हे मला माहीत नव्हतं. पुन्हा मूठ छातीवर आणली आणि ते मेकॅनिककडे बघत राहिले.

मला उशिरा समजलं, पण समजलं. चूक त्यांची होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हाताने एवढं मोठं काही केलं होतं, त्यात चूक झाली होती, आणि तीही मी त्यांच्या हातातून काढून घेत होते. लाज वाटली मला. त्यांची लाज झाकायला मी खोटं बोलले असं मला वाटत होतं, पण त्यांना कसली लाज नव्हतीच.

"ह्यांनी खोललं होतं," मी म्हणाले. "एकट्यानं. एका हातानं."

मेकॅनिकने चष्मा डोळ्यांवर घेतला, ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पेटी त्यांच्या बाजूला सरकवली. "काका, साफ तर एक नंबर केलंय. फकस्त ही केबल दाबून बसवायची असती, टक असा आवाज येस्तोवर. बघा, बसवा तुम्हीच."

एप्रिलनंतर समोरासमोर त्यांच्याशी असं सरळ कुणी बोललं नव्हतं. हे खुर्चीवर बसले. केबलचं टोक बोटांत धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, उलटं लागलं. मी माझे दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. मेकॅनिकने घाई केली नाही, त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. बऱ्याच वेळाने तो आवाज आला. मेकॅनिकने स्क्रू लावले, पेटी पुन्हा फळीवर नेऊन जोडली, तीनदा बंद करून तीनदा चालू केली, आणि तिन्ही वेळा ती नीट चालू झाली.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि मागे वळले. मला वाटलं होतं आता डोळे भरून येतील. आला तो राग. सहा महिन्यांचा साठलेला.

"खाली बसून तोल गेला असता म्हंजे? कोन उचललं असतं तुम्हाला? शेजारीण तिच्या घरात, मी राजूरला. अन् तीन दिवस मी येड्यासारखी वायरी उपसून राह्यले, तुम्हाला सगळं माहीत व्हतं."

ह्यांनी काठी उचलून जिन्याकडे दाखवली. मग स्वतःच्या तोंडाकडे, मग माझ्या कानाकडे. म्हणजे, मी दाखवत होतो, तू ऐकलंस का? "बराबर," ते ओरडले.

"मंग मला काय सपान पडतं का? काठी दाखवली की मी काय समजायचं?"

त्यांनी पुन्हा माझ्या कानाकडे बोट केलं. मी आवाज आणखी चढवला. त्यांनीही चढवला, त्या एका शब्दात मावेल तितका. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि आमचं चाललेलं बघून आत गेली. शेवटी ह्यांनी खुर्ची ओढत ओढत फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. लग्न झाल्यापासून प्रत्येक भांडणानंतर ते असेच बसत आले आहेत. मी चहा करून त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी हात लावला नाही. चहा गार झाला, आणि मी तो पुन्हा गरम करून दिला नाही.

मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून मी पोटभर रडले. एप्रिलनंतर आमच्या घरात झालेलं ते पहिलं भांडण होतं.