चुलीपुढची विलायती

"पोरीनं बापाले दारू आनली म्हनते!"

भिंतीपलीकडून ठमाबाईंचा आवाज आला. अलीकडे मी कोथिंबीर निवडत बसले होते. आमच्या कॉलनीतल्या मागच्या भिंती डोक्याइतक्याच उंच आहेत, म्हणून शेजारधर्माला जागून ठमाबाईंनी आवाज लहान केला होता; म्हणजे फक्त चार घरांना ऐकू गेलं.

"कोनती पोरगी? ते इंग्रजीत शिकलेली?"

"तेच ना माय! एरवी तोंड उघडत नाही, अन् आनते काय, तं दारू!"

यातला शब्द न् शब्द खरा होता. दारू मीच आणली होती, बाबांसाठीच आणली होती, आणि मी तोंड उघडत नाही. (नागपूरच्या दातांच्या डॉक्टरांचीही हीच तक्रार आहे.)

बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत फोरमन. मागच्या थंडीत ते रिटायर झाले आणि पुढच्याच रविवारी आमच्या मागच्या अंगणात मटणाचं जेवण ठरलं. त्यांना काय द्यावं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. बाबांना आयुष्यात एकच गोष्ट पुन्हा हवी होती. ते नवे नवे खाणीत लागले होते तेव्हा एका पावसाळ्यात खाली पाणी भरलं, बंद पडलेला पंप बाबांनी चालू केला आणि गोऱ्या मॅनेजर साहेबानं खूश होऊन स्वतःच्या बाटलीतली घोटभर त्यांना दिली. तो घोट बाबांचा आजवर गिळून संपलेला नाही. दर पोळ्याला ही गोष्ट होते आणि दर पोळ्याला तिचा शेवट तोच: "चुलीपुढं बसून धूर पिल्यावानी लागे. पन तो धूर गोड होता, बरं!"

आता बाबांचं आणि माझं बोलणं म्हणजे, "जेवली?" "हो. तुम्ही?" "हो." लहानपणी मला नागपूरला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत बोर्डिंगला ठेवलं, त्यासाठी त्यांनी किती पाळ्या जास्तीच्या केल्या ते मला ठाऊक होतं. पण ते बोलून कसं दाखवायचं? आम्हा दोघांनाही घाम फुटला असता. त्यापेक्षा बाटली बरी. बाबा एक घोट घेतील, "हेच!" म्हणतील, आणि मला काही बोलावं लागणार नाही. माझी सगळी योजना या शेवटच्या कलमावर उभी होती.

पण निवडायची कशी? जी मुलगी मेडिकलमधून कापूस मागायलाही दुकान रिकामं व्हायची वाट बघते, ती दारूच्या दुकानात जाऊन काय विचारणार? नागपुरातच नोकरीला लागल्यावर मी राहत होते त्या होस्टेलमधल्या मैत्रिणीचा मोठा भाऊ जहाजावर होता. त्याच्याकडे सिंगल माल्टच्या, म्हणजे अस्सल विलायती व्हिस्कीच्या, दोन सीलबंद बाटल्या होत्या, एक तो मला माझ्या पहिल्या पगारातून विकत देणार होता. कोणती, ते मी ठरवायचं होतं. त्याच्याकडे त्याच दोन जातींच्या फोडलेल्या बाटल्याही होत्या, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या दोन धुतलेल्या शिश्यांत त्यानं नमुने पाठवले.

मी ओढणीच्या आड एकेक शिशी हुंगली. पहिलीला मधाचा वास, दिसायलाही शहाण्या मुलीसारखी. दुसरीचं बूच काढलं आणि थेट जळकं लाकूड! त्यामागून दवाखाना! त्यामागून, अगदी मागून, काहीतरी गोड. मी डोळे मिटून पुन्हा हुंगलं. चूल. हीच ती.

तेवढ्यात वॉर्डनबाई आल्या. माझ्या हातात औषधाची शिशी आणि डोळ्यांत पाणी. "इतका खोकला झाला आणि बोलली नाहीस?" मी बोलले नाहीच. पुढचा आख्खा आठवडा मी अडुळशाचा काढा प्यायले.

बाटली तुमसरपर्यंत बसमध्ये मांडीवर, तिथून चिखल्यापर्यंत कंपनीच्या जीपमध्ये मांडीवर. घरी पोचले आणि बाबांच्या हातात गुपचूप देणार, तर आई आडवी आली.

"पहिल्या पगाराची वस्तू हाय. आधी देवापुढं."

"आई, ती..."

"मले समजते काय हाय ते." आईनं बाटलीला टॉवेल गुंडाळला, वरून हळदकुंकू लावलं. "आता देवाले का समजून राहिलं, आत काय हाय तं?"

अशा रीतीनं बाबांची बाटली रात्रभर टॉवेल नेसून देव्हाऱ्यात बसली, आणि रविवारी सकाळपर्यंत कॉलनीभर झाली. (आईनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं फक्त ठमाबाईंना सांगितलं होतं.)

अंगणात विटांची चूल पेटली, वर मटणाचा मोठा गंज, म्हणजे हे एवढं पातेलं, चढला. बाबा नवा सदरा घालून खाटेवर बसले. चुलीपाशी नत्थूकाका आणि सुखदेवकाका, दोघंही बाबांच्या बरोबर खाणीत उतरलेले. नत्थूकाका मटण शिजवतात आणि मोहाच्या दारूतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं आंबागडपर्यंतच्या जंगलात कुणाला कळत नाही, असं सगळे मानतात. निदान ते तरी मानतात.

आईनं टॉवेल सोडून बाटली बाबांना दिली. बाबांनी ती दोन्ही हातांत धरली. लेबलवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवली?"

"अजून नाही," मी म्हणाले. अकराच वाजले होते. पण आमच्या मानानं संभाषण फार रंगलं होतं!

"द्या भाऊ इकडं, पाहू द्या विलायती!" नत्थूकाकांनी बाटली घेतली, बूच उघडलं, नाक लावलं, आणि त्यांचा चेहराच पडला. "आरारारा! जळली ना भाऊ हे!"

"काय जळली?"

"भट्टीत आंबलेल्या मोहाचा सडवा बुडाशी लागला की असाच वास येते. गाळनाऱ्याचं ध्यान नव्हतं."

सुखदेवकाकांनी हुंगलं. त्यांनाही पटलं. आईनं लांबूनच हुंगलं, तिलाही पटलं.

"बेटा, तू वाच बरं. काय लिहिलं हाय?" नत्थूकाका मला म्हणाले.

मी बारीक आवाजात वाचलं की ही दहा वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली आहे.

"दहा वर्सं!" आई म्हणाली. "मंग शिळी नाही होनार तं का होईन?"

"खपली नसन," सुखदेवकाका म्हणाले. "इंग्रजी वाचता येते म्हनून पोरीच्या गळ्यात मारली."

माझ्या मनात वाक्य तयार व्हायला लागलं. माझी वाक्यं आधी इंग्रजीत येतात, मग मी ती मराठीत आणते, मग त्यात मोठ्यांचा मान घालते, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. इथे लोक चुलीकडे गेले होते.

"आता जाळूनच पाहू," नत्थूकाका म्हणाले.

आमच्याकडे ही रीतच आहे. मोहाची आणली की थोडी विस्तवावर टाकायची. भडकली तर खरी, नाही भडकली तर पाणी. त्यात कुणाचा अपमान नसतो; उलट ज्याच्यावर जीव त्याच्यासाठी मुद्दाम जाळून बघतात. नत्थूकाकांनी घोटभर विलायती चुलीत टाकली.

फुस्स.

"पानी!" सुखदेवकाका कपाळाला हात लावून म्हणाले.

मोहाची पहिल्या धारेची असती तर भडका उडाला असता. ही मुळात तेवढी कडक नसते. शिवाय अशी ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही, हे मी शाळेच्या केमिस्ट्रीत शिकले होते. वाक्य जुळलं: काका, ती जाळायची नसते. मी श्वास घेतला.

"थोडी पडली असन. जास्तीची टाक," सुखदेवकाका म्हणाले.

फुस्स! गंजाखालून ढगासारखा धूर आला.

"राहू द्या ना, नत्थू," बाबा हळूच म्हणाले.

"काहून राहू द्या? खोटी दारू पिऊन मानसं आंधळी होतेत, भाऊ! आता कुठं तुमचे सुखाचे दिवस आले, अन् मी डोळ्यादेखत पिऊ देऊ?"

काकांचे डोळे खरोखर भरून आले होते. (धूरही होताच.) वाक्यातला 'काका' हा शब्द पुरेसा नम्र आहे का, की 'जी' लावावं, यावर मी विचार करत राहिले आणि बाटली अर्ध्यावर आली.

"कापूस भिजवून पाहा ना जी!" भिंतीवर ठमाबाईंचे डोळे उगवले होते.

आईनं देवाची फुलवात आणून दिली. ती विलायतीत बुडवून पेटवली, आणि पेटलीसुद्धा! मी जवळजवळ टाळी वाजवली. पण कापूस पेटला, दारू नाही, असा निकाल लागला. मग अंधारात बघू म्हणून सगळे न्हाणीघरात गेले. पळीत ओतून आगकाडी लावली. काडी विझली. न्हाणीतून आख्खी मिरवणूक परत आली तेव्हा बाटलीत बोटभर उरली होती.

आता नम्रतेचा प्रश्न नव्हता. मी उठून उभी राहिले, तोंडही उघडलं. त्याच क्षणी नत्थूकाकांनी उरलेली बोटभर चुलीत ओतली, रिकामी बाटली खाटेवर बाबांशेजारी ठेवली आणि म्हणाले, "पोरगी भोळी हाय, भाऊ. रागावू नका तिच्यावर."

सुखदेवकाकांनी घरून मोहाची शिशी आणली. चुलीत घोटभर पडली आणि भक्क! ज्वाळा गंजाच्या काठापर्यंत गेली. अंगणात आनंदीआनंद. भिंतीपलीकडूनही. "हे पाहा! याले म्हनते दारू!" पेले मांडले गेले.

बाबांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून रिकामी बाटली उचलली. ती बाजूला पडलेल्या बुचावर उलटी धरली आणि वाट पाहिली. एक थेंब आला. मग आणखी एक. बाबांनी बूच ओठांना लावलं आणि डोळे मिटले.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "हेच."

नत्थूकाकांचा हात पेल्यावरच थांबला. "काय हेच, भाऊ?"

"साहेबाची. हेच होती." बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू निवडली? धुराची म्हनून?"

मी मान हलवली. बाबांनी ते बूच सदऱ्यावर पुसलं आणि जिथे पेन लावतात त्या खिशात ठेवलं.

नत्थूकाका एकदा चुलीकडे बघत, एकदा बाटलीकडे. खाणीत दरड कोसळली तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता म्हणतात. शेवटी ते कळवळून म्हणाले, "अन् मंग हे पोरगी बोलली काहून नाही?"

सगळे माझ्याकडे वळले. आई, बाबा, दोन्ही काका. भिंतीवर ठमाबाई आता खांद्यापर्यंत वर आल्या होत्या, स्टुलावर चढल्या असाव्यात. जन्मात पहिल्यांदा आख्खी कॉलनी गप्प होती आणि मी काय बोलते याची वाट बघत होती. वाक्य तयार होतं. घासलेलं, पुसलेलं, मान घातलेलं: नत्थूकाका, ती जाळायची नसते. मी चुलीतल्या विस्तवाकडे पाहिलं. बाबांच्या खिशाकडे पाहिलं. मग सुखदेवकाकांच्या हातातल्या मोहाच्या पेल्याकडे पाहिलं. आणि सिस्टरांनी शिकवलेलं सगळं इंग्रजी, पुस्तकातलं सगळं मराठी बाजूला सारून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मले बी द्या थोडी!"